प्लाझ्मा, अँटिबॉडी आणि १५ ऑगस्ट

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच साच्याचे निरोप येत होते. ‘अर्जंट. बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा. पेशंट वय ४२, एचआरसीटी स्कोअर १८, ऑक्सिजनवर. कोविडमधून बरा होऊन २८ दिवस झालेला डोनर असल्यास ताबडतोब संपर्क साधावा.’ खाली दोन मोबाइल नंबर. शाळासोबत्यांच्या, सोसायटीच्या, भिशीच्या ग्रुपवरून हे निरोप पुढे जात होते. ज्या घरातला माणूस दवाखान्यात होता तिथे एक जण रेमडेसिव्हिरच्या मागे, दुसरा ऑक्सिजन बेडच्या मागे आणि तिसरा प्लाझ्माच्या, म्हणजे बऱ्या झालेल्याच्या रक्तातल्या द्रव भागाच्या, मागे, अशी वाटणी झालेली होती.

यातल्या तिसऱ्याची धावपळ टाळता आली असती. हे मी आज सगळं कळून चुकल्यावर म्हणत नाही. रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णाला प्लाझ्मा देऊन फायदा होत नाही, हे तेव्हा समोर येऊन सहा महिने झाले होते. आणि ते दाखवून देणारं संशोधन आपल्याच देशातलं होतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) एप्रिल ते जुलै २०२० या काळात, लॉकडाऊन आणि त्यानंतरच्या दिवसांत, देशभरातल्या ३९ सरकारी आणि खासगी रुग्णालयांत प्लाझ्माची चाचणी घेतली. ४६४ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून २३५ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा दिला, २२९ जणांना फक्त नेहमीचे उपचार. अठ्ठावीस दिवसांत आजार बळावला किंवा मृत्यू आला अशा रुग्णांची संख्या प्लाझ्मा मिळालेल्या गटात ४४ होती, न मिळालेल्या गटात ४१. म्हणजे फरक नाही. निबंधाचा कच्चा मसुदा सप्टेंबरात सर्वांसाठी खुला झाला आणि २२ ऑक्टोबर २०२० रोजी तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. प्लाझ्मावरची अशा पद्धतीची पूर्ण झालेली ही जगातल्या पहिल्या मोठ्या चाचण्यांपैकी एक. रुग्णालयांत कर्मचारी अपुरे, पीपीई किट घालून घाम निथळतोय, वाहतूक बंद, अशा स्थितीत आपल्या डॉक्टरांनी नियंत्रण गट ठेवून, शिस्तीत, एका प्रश्नाचं स्पष्ट उत्तर मिळवलं. मला या चाचणीचा फार अभिमान वाटतो.

त्या निबंधातला एक तपशील नीट पाहण्यासारखा आहे. चाचणीत आलेल्या बहुतेक रुग्णांच्या, सुमारे ८३ टक्क्यांच्या, रक्तात विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी, आधीच तयार झालेली होती. रक्त किती पट पातळ केलं तरी विषाणू रोखतं, यावरून त्यांची ताकद मोजली तर मध्यक, म्हणजे मधल्या रुग्णाचा आकडा, १:९० निघाला. दात्यांच्या प्लाझ्माचा मध्यक होता १:४०. म्हणजे दुसऱ्याच्या शरीरातून काढून, गट जुळवून, बर्फातून आणून, सलाइनसारखं जे चढवलं जात होतं, ते रुग्णाच्या स्वतःच्या रक्तापेक्षा बहुतेकदा कमकुवत होतं. कोविडमध्ये माणसाला धाप लागून तो दवाखान्यात येतो तोवर विषाणूच्या वाढीचा जोर बराचसा ओसरलेला असतो. पुढचं नुकसान शरीराच्या स्वतःच्या भडकलेल्या प्रतिक्रियेतून होतं. तिथे आणखी थोड्या अँटिबॉडी ओतून काय साधणार?

प्लाझ्मामागची मूळ कल्पना खुळी नव्हती. बऱ्या झालेल्याच्या किंवा लस टोचलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवाने दुसऱ्याला वाचवायचं, हे घटसर्पाच्या बाबतीत १८९० च्या दशकापासून सिद्ध झालेलं होतं. एप्रिल २०२० मध्ये हातात दुसरं काहीच नसताना ती कल्पना तपासून पाहणं योग्यच होतं. महाराष्ट्र सरकारने २९ जून २०२० रोजी ‘प्लॅटिना’ नावाने जगातली सर्वांत मोठी प्लाझ्मा चाचणी म्हणून प्रकल्प जाहीर केला, तोही त्या वेळी चुकीचा म्हणता येणार नाही. चूक पुढे झाली. ऑक्टोबरात आयसीएमआरच्या प्रमुखांनी प्लाझ्मा उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून काढण्याचा विचार चालू आहे असं सांगितलं. नोव्हेंबरात ‘सरसकट वापर नको’ असं पत्रक निघालं. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने प्लाझ्मासाठी नवे रुग्ण घेणं थांबवलं, कारण तिथेही फायदा दिसेना. साडेअकरा हजार रुग्णांत प्लाझ्मा दिला तरी आणि नाही दिला तरी मृत्यूचं प्रमाण २४ टक्केच. आपल्या मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा निघाला तो १७ मे २०२१ ला. तोवर दुसऱ्या लाटेचा सर्वांत भीषण काळ उलटून गेला होता.

ज्या परिषदेने चाचणी केली, तिचाच सूचना ठरवण्यात हात होता. स्वतःच्या संशोधनाचं उत्तर स्वतःच्या कागदावर यायला सात महिने लागले. या सात महिन्यांचा जाब कुणी विचारला नाही, कारण विचारता येईल असा नियमच आपल्याकडे नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की असा नियम हवा. महासाथीच्या पहिल्या वर्षातलं संशोधन घाईचं आणि अपुरं असणारच. घाईला माझा विरोध नाही. अपुरा निष्कर्ष अपुरा म्हणून सांगितला जात नाही, तो तपासता येईल अशी माहिती लोकांपुढे ठेवली जात नाही, आणि निष्कर्ष गैरसोयीचा निघाला तर धोरण बदलायला कुणी बांधील नसतं, याला माझा विरोध आहे. प्लाझ्मात तिसरी गोष्ट घडली. पहिली घडली ती सेरो सर्व्हेंच्या, म्हणजे रक्तात अँटिबॉडी शोधून किती जण बाधित होऊन गेले ते मोजणाऱ्या पाहण्यांच्या, बाबतीत.

जुलै २०२० च्या पहिल्या पंधरवड्यात मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन वॉर्डांत, दहिसर, चेंबूर आणि माटुंगा भागांत, सुमारे सात हजार लोकांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या, इमारतींत १६ टक्के. पुण्यात २० जुलै ते ५ ऑगस्ट या काळात पाच प्रभागांत असाच सर्व्हे झाला. आयसर ही विज्ञान संशोधन संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि महापालिका त्यात होत्या. नमुने १,६६४, उत्तर ५१.५ टक्के. निकाल जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मथळ्यांत एकच गोष्ट होती: निम्मं पुणे बाधित होऊन गेलं. आणि मथळ्याखालच्या चर्चेत लगेच शब्द आला, हर्ड इम्युनिटी, म्हणजे पुरेसे लोक बाधित होऊन गेले की साथ आपोआप ओसरते ही कल्पना.

हे पाच प्रभाग कोणते होते? येरवडा, कसबा–सोमवार पेठ, रास्ता पेठ–रविवार पेठ, लोहियानगर–कासेवाडी, नवी पेठ–पर्वती. ज्यांना पुणं माहीत आहे त्यांच्या लगेच लक्षात येईल की ही यादी कोथरूड-बाणेरची नाही. रुग्णांचं प्रमाण जास्त होतं म्हणूनच हे प्रभाग निवडलेले होते. त्यांचं ५१.५ हे साऱ्या शहराचं ५१.५ नव्हतं. सर्व्हे करणाऱ्यांनी आपल्या निवेदनात हे लिहिलं होतं, अँटिबॉडी आहेत याचा अर्थ संरक्षण आहेच असा काढू नये, हेही लिहिलं होतं. वाचलं कुणी?

आणि त्या अहवालात खरोखर कामाचं जे होतं ते बाजूलाच राहिलं. ज्या घरांत स्वतःचा संडास होता तिथे संसर्गाचं प्रमाण कमी होतं, जिथे सार्वजनिक संडास वापरावा लागत होता तिथे बरंच जास्त. झोपडपट्टी, चाळ, वाडा आणि फ्लॅट यांच्या आकड्यांत मोठी तफावत होती. म्हणजे विषाणू कुठून जातोय ते या सर्व्हेने जवळजवळ बोट ठेवून दाखवलं होतं. सकाळी सहा वाजता हातात बादली घेऊन रांगेत उभ्या असलेल्या कासेवाडीतल्या बाईला ‘सुरक्षित अंतर ठेवा’ हे सांगून उपयोग नव्हता. तिच्या वस्तीत फिरते संडास वाढवणं, रांगेत मास्क वाटणं, संडास दर दोन तासांनी धुणं, हे करता येण्यासारखं होतं. संशोधनातला हा भाग धोरणाच्या उपयोगाचा होता, पण त्याला मथळा मिळाला नाही. दिलासा देणाऱ्या आकड्याला मिळाला. सर्व्हे जाहीर झाल्यावर महिनाभरातच, सप्टेंबरात, पुण्याने पहिल्या लाटेचं शिखर पाहिलं. सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर जम्बो रुग्णालय उभारावं लागलं.

पुढची गोष्ट साऱ्या देशाची आहे. १८ ऑक्टोबर २०२० रोजी केंद्राने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने आपलं गणिती प्रारूप जाहीर केलं. शिखर सप्टेंबरात होऊन गेलं, सुमारे ३० टक्के लोकसंख्येत अँटिबॉडी आहेत, काळजी घेत राहिलो तर फेब्रुवारीपर्यंत साथ आटोपेल. त्याच सुमारास ब्राझीलमधल्या मनौस शहरातल्या रक्तपेढ्यांच्या नमुन्यांवरून तिथे तीन चतुर्थांश लोक बाधित होऊन गेल्याचा अंदाज मांडला गेला होता. जानेवारी २०२१ मध्ये त्याच मनौसमध्ये रुग्णालयांतला ऑक्सिजन संपला. हे जगातल्या प्रत्येक वर्तमानपत्रात आलं. आपल्याकडेही ४ फेब्रुवारीला आयसीएमआरचा तिसरा राष्ट्रीय सेरो सर्व्हे जाहीर झाला: २१.५ टक्के. म्हणजे दर पाच भारतीयांपैकी जवळपास चार जणांना अजून विषाणू भेटलेलाच नव्हता. याहून स्पष्ट इशारा कोणता असू शकतो? फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अमरावती, अकोला, यवतमाळ इथे निर्बंध लावावे लागले. आणि ७ मार्चला केंद्रीय आरोग्यमंत्री सांगत होते की महासाथीचा शेवटचा अंक चालू आहे.

इथे अँटिबॉडी मोजणं चुकलं नव्हतं. अँटिबॉडीचा आकडा हा भूतकाळाचा पुरावा आहे, भविष्याची हमी नाही, हे समजावून सांगण्याची जबाबदारी कुणीच घेतली नाही. रक्तातल्या अँटिबॉडी काही महिन्यांत कमी होतात. ते बहुतेक संसर्गांत होतं. तरीही विषाणूची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी टिकतात आणि पुढच्या वेळी शरीर वेगाने तयारीला लागतं. बाधित पेशी नष्ट करणाऱ्या टी पेशींचं काम तर साध्या रक्तचाचणीत दिसतच नाही. जुलै २०२० मध्ये लंडनमधल्या एका अभ्यासात तीन महिन्यांत अँटिबॉडी घटल्याचं दिसलं तेव्हा ‘प्रतिकारशक्ती तीन महिनेच टिकते, आता लसीचाही उपयोग नाही’ अशी घबराट पसरली. ऑगस्टमध्ये ‘निम्मं शहर सुरक्षित’ असा दिलासा पसरला. दोन्ही निष्कर्ष एकाच अर्धवट माहितीतून काढलेले, एक भीतीने, एक आशेने. जागतिक आरोग्य संघटनाही यातून सुटली नाही. बरे झालेल्यांना पुन्हा संसर्ग होणार नाही याचा पुरावा नाही, असं तिने २४ एप्रिल २०२० रोजी म्हटलं आणि लोकांनी ‘प्रतिकारशक्ती येतच नाही’ असा अर्थ काढल्यावर दुसऱ्या दिवशी खुलासा केला. पुरावा अजून नाही आणि गोष्ट खरी नाही, यांत अंतर आहे. पण तिने चोवीस तासांत, जाहीरपणे, स्वतःचं वाक्य दुरुस्त केलं. तेवढंही आपल्याकडे होताना दिसलं नाही.

आता लसीकडे येतो. या ठिकाणी मला दोन गोष्टी एकत्र म्हणायच्या आहेत आणि वाचकाने त्या एकत्रच ऐकाव्यात. कोव्हॅक्सिन ही चांगली लस निघाली. आणि तिला ज्या रीतीने मान्यता दिली गेली त्याने तिचंच नुकसान झालं.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्येच विषाणू वेगळा करून वाढवला. विषाणू मारून त्याची लस बनवायची हे जुनं, खात्रीचं तंत्र, आणि ते भारतात अनेकांच्या हातात बसलेलं. संस्थेने निवडलेला विषाणू भारत बायोटेककडे गेला, माकडांवरच्या चाचण्या पुण्यात झाल्या, २९ जूनला माणसांवरच्या पहिल्या दोन टप्प्यांना परवानगी मिळाली. हा वेग कौतुकाचा आहे. मग २ जुलैला आयसीएमआरच्या महासंचालकांच्या सहीचं पत्र बारा रुग्णालयांना गेलं. त्यांत आपल्या नागपूरचं एक होतं, बेळगावचं एक आणि गोव्यातल्या पेडण्याचं एक. ७ जुलैच्या आत स्वयंसेवकांची नोंदणी सुरू करा, सगळ्या चाचण्या पूर्ण करून १५ ऑगस्टपर्यंत लस लोकांसाठी आणण्याचं उद्दिष्ट आहे, आणि दिरंगाई गांभीर्याने घेतली जाईल.

साधा हिशेब करून पाहू. चाचणीतल्या दोन डोसांमध्ये १४ दिवसांचं अंतर ठरलेलं होतं. दुसऱ्या डोसनंतर अँटिबॉडी मोजायला आणखी दोन आठवडे. ७ जुलैला पहिल्याच दिवशी सगळे स्वयंसेवक मिळाले असं धरलं, तरी शेवटचं रक्त ४ ऑगस्टला घेतलं जाणार. राहिले अकरा दिवस. त्यात प्रयोगशाळेतली तपासणी, विश्लेषण, दुसरा टप्पा, हजारो लोकांवरचा तिसरा टप्पा आणि कोट्यवधी बाटल्यांचं उत्पादन. तारीख विज्ञानातून आलेली नव्हती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ५ जुलैला भारतीय विज्ञान अकादमीने या कालमर्यादेवर उघड आक्षेप घेतला. परिषदेने नंतर खुलासे केले, १५ ऑगस्ट तर गेलाच. पण एक किंमत मोजावी लागली. पुढे येणाऱ्या प्रत्येक खऱ्या आकड्याकडे लोक संशयाने पाहू लागले.

३ जानेवारी २०२१ रोजी औषध महानियंत्रकांनी दोन लसींना मर्यादित वापराची परवानगी दिली. कोव्हिशील्डचे परदेशातल्या तिसऱ्या टप्प्याचे निकाल हाती होते. त्यातही गोंधळ होताच. एका गटाला चुकून अर्धा डोस गेला, त्या गटात ९० टक्के परिणाम दिसला आणि पूर्ण डोस घेतलेल्यांत ६२ टक्के. पण चूक काय झाली, कुठे झाली, ते सगळं छापलेलं होतं आणि कुणालाही वाचता येत होतं. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातले २५,८०० स्वयंसेवक त्या वेळी जेमतेम भरती होत आले होते. हातात होते पहिल्या टप्प्यातले ३७५ आणि दुसऱ्यातले ३८० लोक, आणि त्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी. लस घेतल्यावर अँटिबॉडी तयार होतात, इथपर्यंत ठीक. लस घेतलेला माणूस आजारी पडत नाही, हे फक्त तिसरा टप्पा सांगतो. सेरो सर्व्हेच्या वेळी जी गल्लत लोकांनी केली, म्हणजे अँटिबॉडी म्हणजेच संरक्षण, तीच इथे नियामकाने केली. परवानगीत ‘क्लिनिकल ट्रायल मोड’ असे शब्द घातले. ज्याला लस घ्यायची तो चाचणीतला स्वयंसेवक की सामान्य नागरिक, हे त्या शब्दांवरून ठरवता येत नव्हतं.

१६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं त्याच दिवशी दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी आम्हाला कोव्हिशील्ड द्या, कोव्हॅक्सिन नको, असं लेखी कळवलं. हे लसविरोधक नव्हते. वर्षभर कोविड वॉर्डात राबलेले, विज्ञान शिकलेले तरुण होते. ज्यांच्याकडे बघून गावाकडची माणसं ठरवणार होती, त्यांनाच खात्री वाटत नव्हती. ३ मार्चला पहिले अंतरिम आकडे आले: ४३ रुग्णांपैकी ३६ खोटी लस घेतलेल्यांतले, ७ खरी घेतलेल्यांतले. उत्तम निकाल. नोव्हेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये अंतिम आकडा आला, ७७.८ टक्के. ही माहिती येईपर्यंत दोन महिने थांबून, आधी कोव्हिशील्ड देऊन, मग कोव्हॅक्सिन मानाने आणली असती तर? किंवा जानेवारीतच स्पष्ट सांगितलं असतं की हा अंदाजावरचा निर्णय आहे, आम्हाला इतकंच माहीत आहे, तिसऱ्या टप्प्यात अमुक दिसलं तर परवानगी काढून घेऊ? दोन्ही मार्ग प्रामाणिक होते. आपण तिसरा निवडला: ११० टक्के सुरक्षित आहे, विश्वास ठेवा.

आणि इथे एक अडचणीची गोष्ट आहे. आयसीएमआर या लसीची सहनिर्माती होती. चाचण्यांना तिने पैसा पुरवला आणि विक्रीवर तिला रॉयल्टी मिळत होती. देशाला लसीबाबत सल्ला देणारी मुख्य संस्थाही तीच. या माणसांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण एकाच संस्थेने वस्तू बनवायची, चाचणीला पैसा द्यायचा आणि ती देशभर वापरावी का हेही सांगायचं, ही रचनाच चुकीची आहे, माणसं कितीही भली असोत.

यावर एक उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे आणि ते गांभीर्याने घ्यायला हवं. महासाथीत माणसं मरत असतात. अशा वेळी शंका, त्रुटी, आकड्यांचे वाद चव्हाट्यावर मांडले तर लोक बिथरतात, लस घेत नाहीत, आणि शेवटी जास्त मरतात. दडपण खरं आहे. पण घटनाक्रम उलटंच सांगतो. कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर १३ मे २०२१ ला १२ ते १६ आठवडे केलं गेलं. अंतर वाढवल्याने परिणाम वाढतो याला ब्रिटनमधल्या आकडेवारीत आधार होता. पण लसीचा तुटवडा ऐन भरात असताना निर्णय आला, त्यामागची आकडेवारी आणि चर्चा समोर ठेवली नाही, आणि पुढच्याच महिन्यात लसीकरणाबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या तांत्रिक गटातल्या काही सदस्यांनी सांगितलं की एवढ्या वाढीला त्यांनी दुजोरा दिला नव्हता. एक बचावता येण्यासारखा निर्णय तुटवडा झाकण्याची युक्ती ठरला.

रक्ताच्या गुठळ्यांचंही तेच. कोव्हिशील्डनंतर अत्यंत क्वचित, प्लेटलेट कमी होऊन गुठळ्या होऊ शकतात, हे युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल २०२१ मध्येच मान्य केलं होतं. लसीच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या आपल्या समितीनेही मे २०२१ मध्ये दहा लाख डोसमागे ०.६१ असं प्रमाण जाहीर केलं. ते एका पत्रकात राहिलं. लसीकरण केंद्रावर ते कुणी सांगितलं नाही, भिंतीवर लावलं नाही, लक्षणं कोणती आणि किती दिवसांत दिसली तर दवाखान्यात यायचं हे आशाताईंना शिकवलं नाही. म्हणून तीन वर्षांनी, एप्रिल-मे २०२४ मध्ये, मूळ कंपनीने लंडनच्या न्यायालयातल्या कागदांत हाच धोका मान्य केल्याची बातमी आली तेव्हा ती नवीन गौप्यस्फोट म्हणून पसरली, आणि २०२१ मध्ये डोस घेतलेली माणसं २०२४ मध्ये रक्तचाचण्या करून घ्यायला लॅबमध्ये पोचली. धोका इतका लहान होता की तो आकड्यासह सांगितला असता तर बहुतेकांनी तरीही दंड पुढे केला असता. आपल्या शेतकऱ्याला दरवर्षी पावसाचा अंदाज मिळतो. तो चुकू शकतो हे धरूनच तो पेरणीचा निर्णय घेतो. अशा लोकांना अनिश्चितता पेलणार नाही असं मुंबई-दिल्लीतल्या कार्यालयांत बसून कुणी ठरवावं?

उघडपणाने काम अडत नाही हेही दिसलेलं आहे. १० डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेत फायझरच्या लसीवर तज्ज्ञ समितीची बैठक झाली ती दिवसभर थेट प्रक्षेपित होत होती. पन्नासहून अधिक पानांचं टिपण दोन दिवस आधी कुणालाही डाउनलोड करता येत होतं. सदस्यांचे प्रश्न, विरोधी मतं, मतदान, सगळं लोकांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी परवानगी मिळाली. एका दिवसाचाही उशीर झाला नाही. औषध नियामकाला सल्ला देणाऱ्या आपल्या विषय तज्ज्ञ समितीच्या बैठकांचं इतिवृत्त आलं ते जेमतेम काही परिच्छेदांचं. कोणी काय विचारलं, काय उत्तर मिळालं, मतभेद होते का, याचा पत्ता नाही. आणि एप्रिल २०२१ च्या अखेरीस, स्मशानांत जागा पुरत नव्हती तेव्हा, शेकडो भारतीय शास्त्रज्ञांना पंतप्रधानांकडे जाहीर विनंती करावी लागली की आयसीएमआरकडे साठलेली चाचण्यांची आकडेवारी आम्हाला पाहू द्या. देशातल्या शास्त्रज्ञांना देशाची माहिती मागण्यासाठी अर्ज करावा लागतो, यात मला फार खोल काहीतरी बिघडलेलं दिसतं.

मग काय करायचं? २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की लसींच्या चाचण्यांची, प्रचलित कायद्यानुसार जी माहिती प्रसिद्ध करणं आवश्यक आहे ती, स्वयंसेवकांची ओळख जपून, विनाविलंब लोकांपुढे ठेवावी. निकाल चांगला आहे, पण त्याचं वजन ‘प्रचलित कायद्यानुसार’ या शब्दांवर येऊन थांबतं. प्रचलित नियम, म्हणजे नवीन औषधं आणि वैद्यकीय चाचण्यांचे २०१९ चे नियम, त्वरित मान्यतेचा मार्ग देतात. त्या मार्गाने जाणाऱ्याने कोणती माहिती कोणत्या दिवशी उघड करायची, याचं बंधन घालत नाहीत. दुरुस्ती तिथेच करायला हवी, आणि ती संसदेत वर्षानुवर्षं रेंगाळणारी बाब नाही. नियम आहेत, आरोग्य मंत्रालय अधिसूचनेने बदलू शकतं.

त्वरित मान्यता ज्या दिवशी दिली जाईल त्याच दिवशी तिचा आधार असलेली संपूर्ण आकडेवारी, नावं वगळून, उपलब्ध झाली पाहिजे. तज्ज्ञ समितीची बैठक थेट दाखवली जावी किंवा तिचं शब्दशः टिपण आठवड्याभरात यावं. मान्यतेच्या कागदावरच लिहिलेलं असावं की पुढचा आकडा कधी येणार आणि काय दिसलं तर ही मान्यता रद्द होईल. लस किंवा औषध विकसित करणाऱ्या संस्थेला त्याच्या शिफारशीच्या निर्णयात मत नसावं. आणि सरकारी पैशातून झालेल्या चाचणीने एखादा उपचार निरुपयोगी ठरवला, तर तीस दिवसांत मार्गदर्शक सूचना बदलाव्यात किंवा न बदलण्याचं कारण लेखी द्यावं. ती तारीख उलटली तर कुणालाही उच्च न्यायालयात जाता यावं. महाराष्ट्रालाही यात स्वतंत्रपणे करण्यासारखं आहे. पुण्या-मुंबईतल्या सेरो सर्व्हेंना महापालिकांनी मदत केली, लोकांनी आपल्या दारात रक्त दिलं. पुढच्या वेळी अशा प्रत्येक सर्व्हेचा वॉर्डनिहाय तक्ता, मर्यादांच्या परिच्छेदासह, मराठीत, महापालिकेच्या संकेतस्थळावर यावा आणि वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लागावा. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

कंपन्या व्यापारी गुपिताचा मुद्दा काढतील. लस कशी बनवतात, द्रावण कसं तयार करतात, हे त्यांचं गुपित असू शकतं. पण २५,८०० लोकांनी बाही वर करून, आपल्याला खरी लस मिळाली की खोटी हे न जाणता, महिनोन्‌महिने तपासणीला येऊन जे उत्तर मिळवून दिलं, ते कंपनीच्या मालकीचं कसं? नागपुरात, बेळगावात, पेडण्यात पहिला डोस घेणाऱ्यांना त्या वेळी कुणीच हमी देऊ शकत नव्हतं. त्यांच्या संमतिपत्रावर त्यांची सही आहे. त्याच पत्रात सरकारनेही एक ओळ लिहून द्यावी, की या चाचणीतून जे निघेल, ते सोयीचं असो वा गैरसोयीचं, मान्यतेच्या दिवशीच तुम्हाला वाचायला मिळेल.